'लाइव्ह अ लाइव्ह' : जपानबाहेर २८ वर्षे न पोहोचलेला आरपीजी

मंदगती

जपानी टर्न-बेस्ड आरपीजींची (आळीपाळीने चाली करत लढायच्या आणि पात्र होऊन गोष्ट पुढे नेण्याच्या व्हिडिओ गेमची) आवड असणाऱ्यांना १९९४ आणि १९९५ ही वर्षे तोंडपाठ असतात. स्क्वेअर कंपनीचा 'फायनल फँटसी ६' एप्रिल १९९४ मध्ये आला आणि 'क्रोनो ट्रिगर' मार्च १९९५ मध्ये. या दोहोंच्या मधोमध, २ सप्टेंबर १९९४ रोजी, त्याच कंपनीने निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम कन्सोलवर 'लाइव्ह अ लाइव्ह' नावाचा एक खेळ काढला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. दिग्दर्शक होते ताकाशी तोकिता, ज्यांचा पुढे 'क्रोनो ट्रिगर'च्या दिग्दर्शनातही वाटा होता. जपानबाहेर हा खेळ अधिकृतपणे आला तो थेट जुलै २०२२ मध्ये, निन्टेंडो स्विचवरील रीमेकच्या (नव्याने बनवलेल्या आवृत्तीच्या) रूपाने. माझी आणि त्याची ओळखही तेव्हाचीच.

खेळ सुरू होताच सात प्रकरणे समोर येतात आणि ती कोणत्याही क्रमाने खेळता येतात : आदिमानवांचा काळ, चीनमधील एक वृद्ध कुंग-फू गुरू, एदो काळाच्या अखेरीचा जपान, अमेरिकेतील वाइल्ड वेस्ट, वर्तमानकाळ, नजीकचे भविष्य आणि दूरचे भविष्य. प्रत्येकाचा नायक, काळ आणि सूर वेगळा आहे. लढाईचा पट मात्र सगळीकडे एकच, सात बाय सात चौकटींचा.

माझे मत असे आहे की हा खेळ प्रत्येक प्रकरणात आरपीजीमधील एखादा नेहमीचा घटक काढून घेतो आणि उरलेल्या सामग्रीवर गोष्ट उभी करून दाखवतो. आदिमानवांच्या प्रकरणात भाषाच नाही. पात्रे हातवारे, हुंकार आणि चित्रांचे फुगे यांवर बोलतात. वर्तमानकाळात भटकंती नाही, फक्त एकामागून एक प्रतिस्पर्धी आहेत. दूरच्या भविष्यात तर जवळजवळ लढाईच नाही. ३० वर्षांपूर्वी हे धाडस करणारा खेळ इतका काळ अंधारात का राहिला असावा, आणि नव्या खेळाडूने कोणत्या प्रकरणापासून सुरुवात करावी, या दोन प्रश्नांवर जाणकारांची मते वाचायला आवडतील.

रिकामटेकडा

वाचनखूण साठवली आहे. सात प्रकरणांपैकी कोणते निवडावे हे ठरवण्यातच माझा रविवार जाणार, हे उघड आहे.

जुना खेळाडू

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या काळाच्या व्यवहारात आहे. सुपर फॅमिकॉमच्या जमान्यात स्क्वेअरचे कितीतरी खेळ जपानच्या बाहेर गेलेच नाहीत. 'फायनल फँटसी ५' १९९२ चा, पण तो इंग्रजीत अधिकृतपणे आला १९९९ मध्ये, प्लेस्टेशनवर. 'सेइकेन देन्सेत्सु ३' १९९५ चा, त्याला २०१९ पर्यंत वाट पाहावी लागली. 'बहामुत लगून'च्या नशिबी तर तेही आले नाही. आरपीजीमध्ये मजकूर प्रचंड असतो, तो भाषांतरित करणारी माणसे तेव्हा मोजकी होती, आणि जपानबाहेर या प्रकाराला मोठा ग्राहकवर्ग आहे याची खात्री कंपन्यांना १९९७ च्या 'फायनल फँटसी ७' नंतर पटली. तोपर्यंत सुपर फॅमिकॉमचा काळ सरला होता.

त्यामुळे लोकांनी हा खेळ पाहून नाकारला असे झालेले नाही. तो त्यांच्या हातीच आला नव्हता. २००१ मध्ये एऑन जेनेसिस या चाहत्यांच्या गटाने त्याचे इंग्रजी भाषांतर पूर्ण केले आणि पुढची दोन दशके जपानबाहेर त्याची कीर्ती जी काही पसरली ती त्या एका कामामुळे. मी खेळलो तेही तेच. २०१५ मध्ये वी यू कन्सोलवर मूळ खेळ पुन्हा उपलब्ध झाला, पण तोही जपानपुरता.

केतकी

जुना खेळाडू यांच्या माहितीत एक भर घालते. प्रत्येक प्रकरणातील पात्रांची रेखाटने वेगवेगळ्या मांगा-चित्रकारांनी (जपानी चित्रकथाकारांनी) केली होती : आदिमानवांसाठी योशिनोरी कोबायाशी, कुंग-फूसाठी योशिहिदे फुजिवारा, एदो काळातील निन्जाच्या प्रकरणासाठी गोशो आओयामा, वर्तमानासाठी र्‍योजी मिनागावा, वर्तमानासाठी ओसामू इशिवाता, नजीकच्या भविष्यासाठी काझुहिको शिमामोतो आणि दूरच्या भविष्यासाठी युमी तामुरा. जपानी वाचकाला ही नावे पाहूनच प्रत्येक गोष्टीचा बाज कळत असणार, कारण शिमामोतो म्हटले की तापलेल्या डोक्याचे, आरडाओरडा करणारे नायक अपेक्षितच असतात. बाहेरच्या खेळाडूला ही ओळख आयती मिळत नाही, त्यामुळे खेळाच्या आमंत्रणाचा निम्मा भाग त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

मला मंदगती यांचे "काढून घेण्याचे" निरीक्षण फार पटले. कुंग-फूच्या प्रकरणात तर नायकाचा उत्कर्षच काढून घेतलेला आहे. गुरू आधीच शिखरावर आहेत आणि आयुष्याच्या शेवटाकडे झुकले आहेत. वाढायचे आहे ते शिष्यांनी. आपण लढाईत कोणाला किती सराव देतो, यावर पुढचे सारे ठरते आणि ते ठरते आहे हे आपल्या लक्षात उशिरा येते. त्या प्रकरणाबद्दल याहून अधिक लिहिणार नाही.

चिकित्सक

धागालेखकाच्या उत्साहाचा आदर राखून काही असहमती नोंदवतो.

पहिली गोष्ट, घटक काढून टाकणे हे आपोआप गुण ठरत नाही. वर्तमानकाळाचे प्रकरण तासाभरात संपते आणि त्यात गोष्ट नावापुरतीच आहे. दूरच्या भविष्यात मालवाहू अंतराळयानाच्या बोळांतून एका चिमुकल्या यंत्रमानवाला इकडून तिकडे चालवत राहावे लागते. वातावरण उत्तम आहे हे मान्य, परंतु दुसऱ्यांदा खेळताना ते चालणेच तेवढे उरते. आदिमानवांच्या प्रकरणातील बरेचसे विनोद तर विष्ठेवर आधारलेले आहेत, आणि ते १२ वर्षांच्या मुलालाही तिसऱ्यांदा हसवणार नाहीत.

दुसरी गोष्ट लढाईची. पट आकर्षक दिसतो, पण प्रत्येक लढाईनंतर सर्वांची शक्ती पूर्ववत भरते, जादूसाठी वेगळी शक्ती खर्च होत नाही, आणि म्हणून साधनसामग्री जपून वापरण्याचा जो ताण टर्न-बेस्ड खेळांचा कणा असतो तो येथे नाही. बहुतेक लढायांत एकच सर्वांत जोरदार वार पुन्हापुन्हा करून जिंकता येते. नव्या कल्पना मांडणारा प्रयोग म्हणून मी या खेळाला मान देईन, परंतु 'क्रोनो ट्रिगर'च्या पंक्तीला बसवणार नाही.

मंदगती

@चिकित्सक, विष्ठेच्या विनोदांबाबत पूर्ण सहमत. लढाईबाबत मात्र नाही.

पटावर वेळ थांबलेला असतो. तुम्ही एक चौकट सरकलात किंवा वार केलात की तेवढ्यापुरता तो पुढे जातो, आणि त्याबरोबर शत्रूची पाळी जवळ येत असल्याचे दाखवणारा पट्टाही भरत जातो. रीमेकमध्ये हे डोळ्यांसमोर दिसते. त्यामुळे प्रत्येक पाऊल हा खर्च आहे. काही वार फक्त शेजारच्या चौकटींवर लागतात, काही तिरप्या रेषेत, काही दुरूनच. मोठ्या वारांना आधी तयारीचा वेळ लागतो आणि तेवढ्यात शत्रू निशाण्याबाहेर निघून गेला तर सारे वाया. आग, पाणी, विष यांनी चौकटी भारून टाकता येतात आणि त्यांवर उभे राहणाऱ्याला इजा होते, किंवा त्याच्या प्रकृतीनुसार उलट बरेही वाटते. ज्या ताणाबद्दल तुम्ही बोलता तो एका लढाईकडून दुसऱ्या लढाईकडे वाहत जात नाही हे खरे, पण लढाईच्या आत तो पुरेपूर आहे. तोकितांना किरकोळ शत्रूंची झिजवणूक नको होती असे दिसते, कारण काही प्रकरणांत किरकोळ शत्रूच नाहीत.

वाइल्ड वेस्ट पाहा. दरोडेखोरांची टोळी गावावर चालून येणार आहे आणि घंटेचे आठ ठोके पडेपर्यंत तुम्हाला गावभर शोधाशोध करून दोर, बाटल्या, फावडी असले सामान जमवायचे आहे, ते योग्य माणसाच्या हाती सोपवायचे आहे आणि त्याच्याकडून सापळे लावून घ्यायचे आहेत. एकेका यशस्वी सापळ्यामागे अंतिम लढाईतले शत्रू कमी होतात. म्हणजे लढाई जिंकायची ती लढाईच्या आधीच. लेव्हल वाढवणे जवळजवळ नाहीच. इतक्या लहान जागेत इतकी नेटकी रचना मी दुसऱ्या कोणत्याही आरपीजीमध्ये पाहिलेली नाही.

शून्यप्रहर

आमच्या घरात हा खेळ दोघे जण दोन टोकांनी खेळले, म्हणून एदो काळाच्या प्रकरणाबद्दल सांगावेसे वाटते. ओबोरोमारू नावाच्या तरुण निन्जाला एका सरदाराच्या गढीत शिरून एका कैद्याची सुटका करायची असते. वाटेतील पहारेकऱ्यांना मारायचे की टाळायचे, हे सर्वस्वी खेळाडूवर सोडलेले आहे. एकाही माणसाला न मारता प्रकरण पूर्ण करता येते आणि गढीतल्या शंभरच्या शंभर माणसांना ठार करूनही पूर्ण करता येते. दोन्ही टोकांना वेगवेगळे बक्षीस आहे.

मी शून्याचा मार्ग निवडला. एक बटण दाबले की निन्जा भिंतीशी एकरूप होऊन अदृश्य होतो, पहारेकरी जवळून निघून जातो, आणि मग पुढची खोली. टर्न-बेस्ड आरपीजीमध्ये लढाई टाळण्यासाठी इतका आटापिटा करावा लागेल, अशी मी कधी कल्पनाही केली नव्हती. माझ्या भावाने शंभराचा मार्ग घेतला आणि त्याला शेवटच्या काही माणसांसाठी, ज्यांत नि:शस्त्र स्त्रियाही आहेत, गढी पालथी घालावी लागली. त्याने ते पूर्ण केले, पण त्या बक्षिसाबद्दल तो फार उत्साहाने बोलत नाही. खेळ याबद्दल एका शब्दाने उपदेश करत नाही, हे मला विशेष वाटले.

रिकामटेकडा

शून्याचा मार्ग मीही धरला होता. माझा निन्जा बहुधा अजून त्याच भिंतीशी एकरूप होऊन उभा आहे आणि पहारेकरी निवृत्त झाले आहेत.

नवखी

मी या प्रकारात अगदी नवीन आहे. 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर' खेळले आहे आणि त्यातही आठ नायकांच्या आठ कथा होत्या. हा खेळ साधारण तसाच समजावा का? आणि मूळ खेळावा की रीमेक?

केतकी

@नवखी, दिसायला दोन्ही सारखे आहेत, कारण रीमेकमध्ये 'ऑक्टोपॅथ'मुळे २०१८ पासून परिचित झालेली एचडी-टूडी शैलीच (त्रिमितीय देखाव्यात जुन्या धाटणीची सपाट पात्रे) वापरली आहे. रचना मात्र फार वेगळी. 'ऑक्टोपॅथ'मध्ये आठही कथा एकाच जगात, एकाच साच्याने चालतात : गाव, संवाद, गुहा, बॉस (शेवटचा मोठा शत्रू). 'लाइव्ह अ लाइव्ह'मध्ये साचाच बदलतो. त्यातच एकूण लांबी साधारण २० ते २५ तासांची असल्याने कंटाळा येण्याच्या आत प्रकरण संपते. रीमेक खुशाल घ्या. तोकिता त्याचे निर्माते आहेत आणि मूळ मांडणीशी त्यांनी प्रामाणिकपणा राखला आहे. २०२३ पासून तो प्लेस्टेशन आणि पीसीवरही मिळतो.

चिकित्सक

येथे मी केतकी यांच्या बाजूने आहे. 'ऑक्टोपॅथ'च्या कथा एकत्र येण्याची वाट पाहून मी थकलो होतो. 'लाइव्ह अ लाइव्ह'मध्ये सात प्रकरणे संपल्यावर मध्ययुगाचे आठवे प्रकरण उघडते आणि तेथे

मंदगती

अहो, थांबा! नवखी यांनी अजून खेळ उघडलेलाही नाही.

चिकित्सक

वाक्य अर्धे ठेवले होते ते तुमच्याच दहशतीने. रसभंग न करता एवढेच सांगतो की मध्ययुगाचे प्रकरण हे सर्वांत पारंपरिक आहे : शूर योद्धा, राजकन्या, राक्षसांचा राजा, चालता चालता अचानक उद्भवणाऱ्या लढाया. मंदगती यांच्या सिद्धान्ताला हे प्रकरण खोटे पाडते, असे मी म्हणणार होतो. सात वेळा जे काढून घेतले ते सगळे येथे परत दिलेले आहे.

मंदगती

खोटे पाडत नाही, पूर्ण करते! सात प्रकरणे ओळखीच्या आधारांशिवाय काढल्यावर जेव्हा ते सगळे आधार एकदम हाती येतात, तेव्हा आपण बेसावध होतो, आणि खेळ नेमक्या त्या बेसावधपणाचा उपयोग करतो. हे प्रकरण पहिल्यांदाच खेळायला मिळाले असते तर त्यात विशेष काही वाटले नसते. ज्यांनी खेळला आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. इतरांनी सात बॉसांची नावे शेजारी शेजारी लिहून पाहावीत आणि गप्प बसावे.

जुना खेळाडू

+१. फक्त त्या प्रकरणातील अचानक येणाऱ्या लढायांचे प्रमाण त्रासदायक आहे, हेही नव्या लोकांना सांगून ठेवू या. मूळ आवृत्तीत तर अंतिम प्रकरणात कोठे जायचे याचाही पत्ता लागत नसे. रीमेकमध्ये दिशा दाखवणारे रडार दिले आहे, तेवढी दया पुरेशी आहे.

अनाहत

इतके प्रतिसाद झाले आणि संगीताचा उल्लेख धाग्याच्या पहिल्या टिपणातही नाही, याचे आश्चर्य वाटते. योको शिमोमुरा यांनी १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'चे संगीत कॅपकॉम कंपनीत असताना केले; १९९३ मध्ये त्या स्क्वेअरमध्ये आल्या आणि तेथील त्यांचे पहिले मोठे काम म्हणजे हा खेळ. वर्तमानकाळाचे प्रकरण उघडून पाहा : प्रतिस्पर्धी निवडण्याचा पडदा सरळसरळ फायटिंग गेमचा आहे, आणि त्याला संगीत देणारी व्यक्ती त्या प्रकाराच्या सर्वांत गाजलेल्या खेळातून नुकतीच आलेली. चिकित्सक त्या प्रकरणाला नावापुरत्या गोष्टीचे म्हणतात, पण प्रतिस्पर्ध्याचा डाव स्वतः अंगावर झेलल्याशिवाय तो शिकता येत नाही, ही त्यातील अट मला एका मल्लाच्या जडणघडणीची पुरेशी गोष्ट वाटते. जिंकण्याची घाई केली की शिकायचे राहते.

बॉसच्या लढाईची 'मेगालोमेनिया' ही धून तर या खेळापेक्षा जास्त दूर पोहोचली. टोबी फॉक्स यांच्या 'अंडरटेल'मधील 'मेगालोव्हेनिया' आज जगभर ओळखली जाते, आणि तिच्या नावाचे मूळ येथे आहे. असंख्य लोक वारसदाराला ओळखतात आणि पूर्वजाचे नावही त्यांनी ऐकलेले नसते. रीमेकमध्ये शिमोमुरा यांच्या देखरेखीखाली सर्व धुना नव्याने बांधल्या आहेत, आणि नजीकच्या भविष्यातील महाकाय यंत्रमानवाचे गाणे हिरोनोबू कागेयामा यांनी गायले आहे. ते गाणे सुरू झाल्यावर ज्याचा हात आवाज वाढवण्याकडे जाणार नाही, त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

दर्यावर्दी

अवांतर होईल, पण विषयाच्या कक्षेतच आहे. असे खेळ दुर्लक्षित का राहतात, याचे जुना खेळाडू यांनी दिलेले कारण एका पिढीपुरते खरे आहे. नंतरच्या पिढ्यांत भाषांतर झाले, खेळ जगभर विकले गेले, तरी ते हरवले, आणि त्याला कारण झाली ती यंत्रे. 'पॅन्झर ड्रॅगून सागा' १९९८ मध्ये सेगा कंपनीच्या सॅटर्न कन्सोलवर आला तेव्हा सेगाचे लक्ष पुढच्या कन्सोलकडे, ड्रीमकास्टकडे, वळलेले होते; इंग्रजी प्रती फार थोड्या निघाल्या, मूळ सोर्स कोड हरवला, आणि आज तो खेळ रीतसर मिळवायचा तर संग्राहकांच्या बाजारातच जावे लागते. त्यातही जागेचे महत्त्व आहे, बरे का : शत्रूभोवती ड्रॅगन कोणत्या बाजूला फिरवायचा, यावर सारी लढाई अवलंबून असते. 'स्काइज ऑफ आर्केडिया' २००० चा, तो ड्रीमकास्टवर. पुढे गेमक्यूबवर आला आणि तेथेच थांबला. 'लॉस्ट ओडिसी' २००७ चा, 'फायनल फँटसी'चे जनक हिरोनोबू साकागुची यांचा, संगीत नोबुओ उएमात्सु यांचे, आणि आला कोठे, तर एक्सबॉक्स ३६० वर, जे कन्सोल जपानमध्ये फारसे कोणाच्या घरी नव्हते.

'लॉस्ट ओडिसी'साठी मी कोणाशीही भांडेन. हजार वर्षे जगलेल्या नायकाच्या आठवणी त्यात निव्वळ मजकुराच्या रूपाने येतात. त्या लघुकथा कादंबरीकार कियोशी शिगेमात्सु यांनी लिहिलेल्या आहेत. लढाई थांबते, चित्र थांबते आणि आपण वाचत बसतो.

अनाहत

दर्यावर्दी यांच्या यादीत अ‍ॅटलसचा 'रेडियंट हिस्टोरिया' हवाच. निन्टेंडो डीएसवर २०१० च्या अखेरीस आला, म्हणजे त्यानंतरचे यंत्र थ्रीडीएस दाराशी येऊन ठेपले असताना. शत्रू तीन बाय तीनच्या पटावर असतात आणि त्यांना ढकलून एकाच चौकटीत गोळा करून मग वार करायचा असतो. संगीत पुन्हा शिमोमुरा यांचेच.

चिकित्सक

यंत्राला दोष देणे सोपे आहे. 'लॉस्ट ओडिसी'ची सुरुवात इतकी संथ आहे, आणि लढाया सुरू व्हायला सुरुवातीला इतका वेळ लागत असे, की कोणत्याही कन्सोलवर अनेकांनी तो मध्येच सोडला असता. उलट 'लाइव्ह अ लाइव्ह'ला जपानमध्ये भाषेची अडचण नव्हती आणि यंत्रही त्या काळातील सर्वांत लोकप्रिय होते. तरीही स्वदेशातही तो 'फायनल फँटसी ६'च्या जवळपास विकला गेला नाही. याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

जुना खेळाडू

प्रश्न रास्त आहे. मला वाटते, उत्तर केतकी यांच्या आणि मंदगती यांच्या प्रतिसादांत मिळून आहे. त्या काळचा ग्राहक महागडी कार्ट्रिज घेताना एकाच महाकथेत दीर्घकाळ रमण्याची अपेक्षा ठेवत असे. येथे त्याला सात छोट्या कथा मिळत होत्या, सात वेगळ्या चेहऱ्यांच्या, आणि त्यांना बांधणारा धागा कोणता हे जाहिरातीत सांगितले तर खेळाचा प्राणच गेला असता. ज्या खेळाचे सर्वांत मोठे बळ शेवटच्या चतुर्थांशात आहे आणि ते उघड करता येत नाही, तो दुकानात विकायचा कसा? ज्यांनी पूर्ण खेळला ते एकमेकांना सांगत राहिले, आणि रीमेक निघाला तो तेवढ्या बळावर.

चिकित्सक

हे पटण्यासारखे आहे. पंक्तीचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.

नवखी

सर्वांचे आभार. 'पॅन्झर ड्रॅगून' आणि ड्रीमकास्ट यांच्या गर्दीत धाग्याचा दुसरा प्रश्न मागे पडला आणि मला तोच हवा आहे. सुरुवात कोठून करू?

शून्यप्रहर

वाइल्ड वेस्टपासून. लहान आहे, आणि खेळ तुमच्याकडून काय मागणार आहे ते लगेच कळते. एदो काळाचे प्रकरण पहिले अजिबात घेऊ नका; ती गढी भुलभुलय्यासारखी आहे आणि नव्या माणसाला तेथेच वैताग येईल.

अनाहत

वर्तमानकाळ पहिला. लढाईचा पट समजून घ्यायला त्याहून चांगली शाळा नाही, कारण लक्ष विचलित करणारे दुसरे काही त्यात नाहीच.

मंदगती

दोन्ही सूचना उत्तम आहेत. मी त्या जोडून सांगतो. स्विचवर विनामूल्य डेमो आहे, त्यात कुंग-फू, एदो आणि दूरचे भविष्य यांची सुरुवात खेळता येते आणि केलेली प्रगती पूर्ण खेळात नेता येते. तेथे चव पाहा. नंतर वाइल्ड वेस्ट, मग वर्तमानकाळ, मग आदिमानव. एदो आणि नजीकचे भविष्य मध्ये कोठेही बसवा. दूरचे भविष्य आणि कुंग-फू ही दोन प्रकरणे शेवटी पूर्ण करा, कारण त्यांचा सूर पुढे येणाऱ्या मध्ययुगाला सर्वांत जवळचा आहे. त्या अंतराळयानावर मोठ्या प्राण्याच्या वाटेत येऊ नका. त्याच्याशी लढाई होत नाही, खेळ सरळ संपतो.

रिकामटेकडा

नवखी यांनी तेवढ्यात माझा निन्जा कोठे दिसला तर त्याला सांगावे, की पहारा उठला आहे.